शाळेची सामायिक टीम रूम आम्हीच नीट करतोय, सल्ले हवेत

मधली_फळी
नमस्कार मंडळी. आमच्या शाळेत मैदानाला लागून एक खोली आहे, तिला सगळे टीम रूम म्हणतात. फुटबॉल, व्हॉलीबॉल, कबड्डी आणि अॅथलेटिक्स, चारही टीमचं सामान तिथेच असतं. मुलींच्या टीमही तीच खोली वापरतात. साधारण सहा बाय चार मीटर. दार उघडलं की आधी वास येतो, मग पायात जाळी अडकते, आणि दिव्याचं बटण नेमकं पलीकडच्या भिंतीवर.

सुट्टीत ही खोली आम्हाला नीट करायला मिळणार आहे. खेळाचे सर सोबत असतील, साहित्य शाळा देईल पण मोजकंच, मेहनत आमची. सगळ्या टीम मिळून वीसेक जण तरी येतील.

प्लॅन असा: शाळेच्या रंगात भिंती, समोरच्या भिंतीवर मोठा सिंह (आमचं बोधचिन्ह), बाक, आणि प्रत्येकाला लॉकर. मैदानाच्या बाजूच्या भिंतीला खाली पोपडे आलेत, तिथे पुट्टी भरून घेऊ. प्रश्न एकच: कोणता रंग घेतला तर टिकेल?

ओळंबा
रंगाचं शेवटी बघू. पोपडे का आलेत ते कळेपर्यंत पुट्टीचा डबा उघडूसुद्धा नका. ओल्या भिंतीवर थापलेली पुट्टी पहिल्याच पावसाळ्यात रंगाला सोबत घेऊन खाली येते.

एक सोपी चाचणी करा. पोपडे काढून भिंत कोरड्या फडक्याने पुसा आणि जाड पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी मारून हवाबंद लावा. एक-दोन दिवस तसाच राहू द्या. मग पाणी कुठे जमलंय ते बघा. प्लास्टिकच्या आतल्या अंगाला, म्हणजे भिंतीकडे, थेंब असतील तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडचं अंग ओलं असेल तर हवाच दमट आहे: ओले कपडे, बंद खिडकी वगैरे. पहिल्यात पाण्याची वाट बंद करायची, दुसऱ्यात हवेची वाट मोकळी करायची. एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

पोपडे किती उंचीपर्यंत आहेत तेही कळवा. जमिनीतून चढणारी ओल सहसा मीटरभरातच थांबते. वरून उतरत असेल तर छपराकडे बघावं लागेल. पांढरी भुकटी दिसतेय का? तो लोणा, भिंतीतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येऊन वाळलेले. तोंडाला मास्क बांधून कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर ते विरघळून पुन्हा आत जातील.

गोलपोस्ट
काढा की सिंह. ओलीचे ठिपके पडले की आपोआप बिबट्या होईल.

नेटपाशी
मुलींच्या टीमही वापरतात असं लिहिलंयस, पण प्लॅनमध्ये त्यांच्यासाठी काय आहे ते दिसलं नाही. कपडे कुठे बदलायचे? आम्ही घरूनच किट घालून यायचो, कारण दाराला आतून कडी नव्हती आणि बॉल न्यायला कोणीही, कधीही आत घुसायचं.

सामान ठेवायची आणि कपडे बदलायची जागा एकच असली की हे होणारच. तुमची खोली सहा मीटर लांब आहे. दाराजवळचा भाग सामानाचा, आतला भाग बदलायचा, असा आडोसा घाला. म्हणजे बॉल न्यायला आलेल्याला आत डोकवायचं कारणच उरत नाही. पडदा नको, पातळ का होईना, भक्कम पार्टिशन आणि आतून कडी. वर फूटभर मोकळं ठेवा म्हणजे हवा खेळेल. आणि हे सगळं मुलींना सोबत बसवून ठरवा. ‘त्यांना चालेल’ असं परस्पर धरून चालू नका.

मधली_फळी
नेटपाशी ताई, आमच्या व्हॉलीबॉलच्या कॅप्टनला तुमचा प्रतिसाद दाखवला. ती म्हणाली, कडीचं मी वर्षभर सांगतेय. आता आडोशाचं माप तीच काढतेय.

ओळंबा काका, चाचणी केली. थेंब भिंतीच्या बाजूनेच आलेत. पोपडे कमरेच्या खालीच आहेत आणि लोणाही आहे. खिडकी आहे, पण तिच्यासमोर लोखंडी कपाट उभं आहे, त्यामुळे ती उघडलेली कोणाच्याच आठवणीत नाही.

ओळंबा
आता बाहेर जाऊन त्याच भिंतीपाशी उभे राहा. बाहेरची माती आतल्या फरशीपेक्षा उंच आहे का?

मधली_फळी
आहे!! भिंतीला चिकटून फुलझाडांचा वाफा आहे. फरशी त्याच्यापेक्षा वीतभर तरी खाली. आणि रोज पाइपने पाणी घालतात.

ओळंबा
सापडलं मग. वाफा भिंतीपासून किमान अर्धा मीटर लांब न्या. माती फरशीच्या पातळीपेक्षा वीतभर खाली उतरवा आणि जमिनीला भिंतीपासून बाहेरच्या बाजूला उतार द्या. फावडी, घमेली आणि वीस पोरं, एवढ्यावर होणारं काम आहे. झाडं मात्र माळीकाकांना विचारून हलवा, नाहीतर ते दुसऱ्या दिवशी सगळं होतं तिथे आणून लावतील.

त्यानंतर भिंत वाळू द्यायची. जाड भिंतीला महिनेसुद्धा लागतात, म्हणून या सुट्टीत खालच्या मीटरभर पट्ट्यावर तेलरंग, टाइल, प्लास्टिकचं पॅनेल यातलं काहीही लावू नका. बाहेर पडायला वाट नसली की ओल आणखी वर चढते. तेवढ्या पट्ट्यावरचा जुना रंग खरवडून पातळ चुन्याचे दोन हात द्या. चुना भिंतीतली वाफ अडवत नाही, आणि तो अल्कधर्मी असल्यामुळे बुरशीलाही मानवत नाही. डोळ्यात उडाला तर मात्र डोळ्याला इजा करतो. चुना कालवायचं काम मोठ्यांनी करावं. ब्रश धरणाऱ्यांनी गॉगल आणि हातमोजे घालावेत.

वरच्या कोरड्या भागाला प्रायमर आणि पाण्यातला इमल्शन चालेल. गुळगुळीत भिंतीवर लिटरभर रंग एका हाताला साधारण दहा चौरस मीटर पुरतो, त्यावरून हिशेब करा. आणि प्लास्टर पोकळ वाजत असेल तर तेवढं काढून नवीन करावं लागेल. ते गवंड्याचं काम. नव्या सिमेंट प्लास्टरला चार आठवडे तरी रंग नको.

शिट्टी
बरीच वर्षं खेळ शिकवले, अशा खोल्या पुष्कळ पाहिल्या. माझं मत सांगतो: सामानाला ठरलेली जागा मिळाली की खोली सुधारते. रंग असो वा नसो.

पहिल्या दिवशी झाडून सगळं सामान मैदानावर मांडा. वापरातलं, दुरुस्तीचं, टाकायचं असे तीन ढीग. ‘राहू दे, लागेल कधीतरी’ हा चौथा ढीग आपोआप तयार होतो, तो सरळ टाकायच्या ढिगात ढकला.

मग मापं घ्या. फळ्या आधी ठोकून नंतर सामान कोंबणं हा सगळीकडचा रोग आहे. ५ नंबरच्या फुटबॉलचा घेर ६८ ते ७० सेंमी, म्हणजे व्यास २२ सेंमीच्या आसपास. व्हॉलीबॉलचा घेर ६५ ते ६७, व्यास साधारण २१. तेव्हा पंचवीस सेंमी खोल फळी दोघांनाही पुरते. चाळीसची केलीत तर मागच्या रांगेत बसके बॉल वर्षानुवर्षं पडून राहतील आणि पुढचे दोन-चार झिजतील. मला विचाराल तर फळीच नको. भिंतीतून ब्रॅकेट काढून दोन आडवे पाइप समांतर बसवा, मध्ये पंधरा सेंमी अंतर. बॉल त्यावर बसतो, घरंगळत नाही, खालून हवा लागते, चिखल वाळून खाली पडतो आणि तेवढाच झाडून काढता येतो.

कबड्डीच्या मॅटचे तुकडे भिंतीला उभे टेकवू नका. कमान धरतात, मग जोड नीट बसत नाहीत आणि चढाई करणाऱ्याचा अंगठा नेमका त्याच कडेत अडकतो. आडवेच रचा, जमिनीपासून वीतभर उंच लाकडी चौकटीवर. ओले असताना रचू नका. वाळवायचे तर सावलीत. कडक उन्हात फोम कडक होऊन तडकतो. आणि त्या थप्पीवर बसायचं नाही, हे तुमच्याच टीममधल्यांना रोज सांगावं लागेल.

कोपऱ्यात उभे केलेले भाले दिसले की माझं डोकं फिरतं. वाकतात तर खरेच, पण कोणाच्या तरी अंगावरही येतात. महिलांचा भाला २.२० ते २.३० मीटर, पुरुषांचा २.६० ते २.७०, म्हणजे तुमच्या लांब भिंतीवर आडवे सहज बसतात. तीन-चार आधार द्या, टोकांना रबरी टोपणं घाला. उंची डोक्याच्या बरीच वर किंवा गुडघ्याच्या खाली, डोळ्यांच्या रेषेत कधीच नाही. गोळे सगळ्यात खाली, खोबण केलेल्या फळीवर. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा असतो, १८ वर्षांखालच्या मुलींचा ३ किलोचा. तीन किलोचाही पायावर पडला की मोसम संपतो.

गोलपोस्ट
सर, आणि पंपाची सुई? जगातल्या सगळ्या टीम रूममधून ती हरवलेलीच असते.

शिट्टी
पंपालाच दोरीने बांधायची. एक जादा सुई प्रथमोपचाराच्या पेटीत, कारण ती पेटी कोणी उघडत नाही.

रंधा
सुतारकामावर पोट आहे, म्हणून लॉकरबद्दल बोलतो. प्रत्येकाला बंद लॉकर म्हणजे प्रत्येकाचे ओले सॉक्स कुलपात. वासाचं मूळ तिथेच असतं. शिवाय टीम बदलतात, मुलं शाळा सोडतात, कुलूप तिथेच लटकत राहतं आणि किल्ली कुठे आहे कोणाला ठाऊक नसतं.

त्यापेक्षा एका भिंतीला सलग लाकडी पट्टी आणि तिच्यावर बोथट टोकाचे खुंट, दोन खुंटांत फूटभर अंतर. कपडे एकमेकांना चिकटले नाहीत तर वाळतात. खाली बाक, पंचेचाळीस सेंमी उंचीचा. बसायची जागा सलग फळीची न करता पट्ट्यापट्ट्यांची करा, मध्ये बोटभर फट. बाकाखाली बुटांसाठी जाळीची फळी. बाकाच्या सगळ्या कडा गोल घासून घ्या, घाईत बूट चढवताना गुडघा तिथेच आपटतो. लॉकर हवेच असतील तर मोजके, जाळीच्या दाराचे, सरावापुरते मोबाइल-पाकीट ठेवायला. संध्याकाळी सगळे रिकामे.

ते खिडकीसमोरचं कपाट हलवाल तेव्हा आधी पूर्ण रिकामं करा. नव्या जागी उभं केल्यावर वरच्या बाजूने भिंतीला स्क्रूने बांधून टाका. उंच कपाटाची खालची दारं उघडून कोणी त्यावर चढलं की ते पुढे येतं. शाळेत कोणी ना कोणी चढतंच.

स्पष्टवक्ता
सगळे सल्ले उत्तम, पण मूळ प्रश्न कोणीच विचारत नाही. ही शाळेची जबाबदारी नाही का? मुलांनी खेळायचं, शिकायचं, की माती उपसायची आणि भिंती खरवडायच्या? ‘श्रमसंस्कार’ म्हणायचं आणि रंगाऱ्याची मजुरी वाचवायची, हे पटत नाही.

नेटपाशी
अर्धं पटलं. ओल थांबवणं, वायरिंग, गवंडीकाम ही शाळेची कामं, तिथे मुलांना जुंपू नये. पण खोलीत काय कुठे असावं हे ती वापरणाऱ्यांइतकं कोणालाच कळत नाही. बाहेरचा माणूस आला असता तर सुंदर रंग देऊन, आतून कडी न लावता गेला असता.

फेज
वायरिंगचा विषय निघालाय तर विजेच्या बाजूने सांगतो. ठळक अक्षरात लिहून दारावर लावा: बोर्ड, पंखा, वायर याला विद्यार्थी हात लावणार नाहीत. तुमचं बटण दाराजवळ आणायचं काम वायरमनचं. त्याच फेरीत खिडकीच्या समोरच्या भिंतीत वरच्या अंगाला एक्झॉस्ट फॅन बसवून घ्या. खिडकीतून कोरडी हवा आत, पंख्यातून दमट हवा बाहेर. दोन्ही एकाच भिंतीत असले तर हवा तिथल्या तिथे फिरते आणि आतला कोपरा तसाच कोंदट राहतो. आडोशाची वरची फट त्याचसाठी हवी.

ड्रिल मशीन मोठ्या माणसाच्या हातात. बोर्डाच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नका, वायरी बहुतेक तिथूनच नेलेल्या असतात. शिडी भिंतीला टेकवताना चार मीटर उंचीला तळ मीटरभर बाहेर, आणि खाली धरणारा माणूस हवाच.

अजून दोन गोष्टी, विजेच्या नसल्या तरी महत्त्वाच्या. दार-खिडक्यांवरचा जुना तेलरंग पॉलिश पेपरने कोरडा घासू नका. जुन्या तेलरंगात शिसं असण्याची शक्यता असते. आज अनेक देशांत रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग आहे, पण जुन्या थरांत ते त्याच्या कितीतरी पट असू शकतं. मुलांच्या शरीरात शिशाची ‘एवढं चालेल’ अशी पातळीच नाही. दार किती जुनं ते माहीत नसेल तर ते काम मुलांना देऊच नका. आणि छत जुन्या सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर त्याला भोक पाडणं, घासणं, तोडणं बंद. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं.

मधली_फळी
छत स्लॅबचं आहे. दाराचं काम सरांनी यादीतून काढून शाळेकडे दिलं. वायरमनचंही मान्य झालंय. शाळेला पाठवायच्या पत्रात स्पष्टवक्ता यांचा मुद्दा जरा सौम्य भाषेत टाकला: ‘खालील कामे विद्यार्थ्यांनी करू नयेत’.

मलमपट्टी
डॉक्टर म्हणून माझे चार शब्द. अशा खोल्यांमधून आमच्याकडे येतात ते गजकर्ण आणि चिखल्या. दोन्ही बुरशीमुळे होतात. सामायिक टॉवेल, ओली मॅट, दुसऱ्याचे बूट हे त्यांचे मार्ग. मॅट आधी साबणाच्या पाण्याने पुसा, मग जंतुनाशक लावा आणि बाटलीवर लिहिलेला वेळ ते ओलं राहू द्या. लावलं की लगेच पुसून काढलं तर उपयोग नाही. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत खडखडीत वाळली तर बुरशी सहसा धरत नाही.

साफसफाईच्या उत्साहात ब्लीच आणि संडास साफ करायचं अॅसिड एकत्र कराल तर क्लोरीन वायू होतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं क्लीनरही एकत्र नको. एका वेळी एकच बाटली, खिडकी उघडी.

कोपरा_मारू
फुटबॉलवाल्यांना एक विचारायचंय. चावी कोणाकडे राहणार? आमच्याकडे ती क्रिकेट टीमच्या कॅप्टनकडे असायची आणि खोलीही हळूहळू त्यांचीच झाली. आमची सगळी टीम सरावाला येऊन व्हरांड्यात बसायची. कोणी भांडायला गेलं की ‘चावी घरी राहिली’.

मधली_फळी
इथेच आमचं अडलंय. फुटबॉलचे सामने सगळ्यात जास्त, म्हणून चावी आमच्याकडे असावी असं आमच्यातल्या काहींचं म्हणणं. कबड्डीवाले म्हणतात, मग झाडायचंही तुम्हीच.

शिट्टी
कबड्डीवाल्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं. चावी कोणत्याच टीमकडे नको. ती ऑफिसात, तारीख-वेळ-सही करून घ्यायची, जाताना परत. आठवड्याला एक टीम खोलीची जबाबदार, आळीपाळीने. त्या आठवड्यात झाडणं, कचरा, खिडकी बंद करणं त्यांच्याकडे, आणि पुढच्या टीमच्या कॅप्टनने खोली बघूनच ताब्यात घ्यायची. तो बरोबर नाकं मुरडतो, तपासनीसाची वेगळी गरज पडत नाही.

शिवाय प्रत्येक टीमच्या जागेवर काय-किती हे फळीवरच लिहा: ‘बॉल ८, जाळी २’. वही हरवते, फळी हरवत नाही.

मधली_फळी
अपडेट. वाफा हलवला, माळीकाकांनीच नवी जागा दाखवली. भिंतीचा मधला भाग पोकळ वाजला, तो गवंडी करतोय. कपाट हललं आणि खिडकी उघडली! कपाटाच्या दारांच्या आतल्या बाजूला जुन्या टीमची नावं करकटकाने कोरलेली सापडली. त्यावर रंग द्यायचा की नाही यावर अर्धा तास वाद. बाहेरून रंग, आतून नाही असं ठरलं. पाइपचे बॉल स्टँड झालेत, पहिल्यात अंतर वीस सेंमी झालं होतं, बॉल सरळ खाली रुतून बसत होता. आडोसा उभा राहिला, कडी व्हॉलीबॉलच्या कॅप्टनने स्वतः बसवली आणि तीनदा ओढून बघितली.

सिंहाचं अजून ठरायचंय. गवंड्याचा भाग सोडून दुसऱ्या भिंतीवर आत्ताच काढावा का?

ओळंबा
ती भिंत आडोशाच्या बाजूची, कोरडी असेल तर खुशाल काढा. प्लास्टिकचा तुकडा तिथेही लावून बघा आधी.

नेटपाशी
आणि सिंहाचा चेहरा आडोशाच्या आत नको. तो आमच्याकडे बघत असताना कपडे बदलायचे नाहीत म्हणतील मुली.

मधली_फळी
कॅप्टनने हे आधीच सांगितलंय. सिंह सामानाच्या भागात, भाल्यांच्या खाली. प्लास्टिक उद्या लावतो.

गोलपोस्ट
भाल्यांच्या खाली सिंह. बघा बुवा, प्राणिमित्र तक्रार करतील.